किनाऱ्यावरून कुलदीप

आमचं गाव कळंब तालुक्यातलं, येरमाळ्याच्या वाटेवरचं. इथून समुद्र गाठायचा तर अख्खा दिवस गाडीत बसून अंग आंबवून घ्यावं लागतं. गावातल्या निम्म्या माणसांनी समुद्र टीव्हीवरच पाहिलाय आणि उरलेल्यांनी शाळेच्या सहलीत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. अशा गावात, म्हशीच्या गोठ्यापाशी बाजेवर बसून, माझा धाकटा दीर कुलदीप रोज सकाळी दोन-तीनशे माणसांना कळवायचा, की आज समुद्र कसा आहे.

मी ही चेष्टा करत नाहीये. करायची तेवढी चेष्टा आधीच करून झाली. कळंबच्या शाळेत मी मराठी शिकवते, त्यामुळे टोमणे मारायला मला शब्द कमी पडत नाहीत, आणि दीर म्हटल्यावर हक्कही होता. आता मात्र त्या सगळ्याचा विचार केला की थकायला होतं. तो तर माझ्याहून जास्त थकलाय.

कुलदीप आमच्याच विहिरीत पोहायला शिकला. बारावीनंतर जेसीबी चालवायला लागला आणि रस्त्याच्या कामावर मालवणच्या खाली कुठंतरी गेला. तिथं एका संध्याकाळी त्यानं दोन माणसं लाटेवर उभी राहून काठाकडं येताना बघितली. फळीवर, भर पाण्यात, चक्क उभी. रस्त्याचं काम संपलं, जेसीबी परत आला, हा काही आला नाही. त्या दोघांतला एक जण सर्फिंग शिकवायचा. त्याच्या हाताखाली फळ्या धुण्यापासून यानं सुरुवात केली आणि काही वर्षांत स्वतःच शिकवायला लागला. पुढं तो शिकवणारा गोव्याकडं निघून गेला आणि त्या लहानशा किनाऱ्यावर हाच एकटा राहिला. दिवाळीला घरी यायचा तेव्हा इतका रापलेला असायचा, की सासूबाई म्हणायच्या, जेसीबीवर बरा होतास. लग्नाचं विचारायला कुणी आलं आणि मुलगा काय करतो असं पुसलं, की आमचे हे घसा खाकरायचे. हे म्हणजे सुरज, एसटीत ड्रायव्हर आहेत, सरळ सांगता येण्यासारखी नोकरी. भावाबद्दल ते "पाण्यात असतो" एवढंच सांगायचे. लोकांना वाटायचं, नेव्हीत आहे.

व्हॉट्सॲपचा ग्रुप त्यानं तिथं असतानाच काढला होता. पुणे, कोल्हापूर, बेळगावकडून हौशी माणसं रात्रभर गाडी चालवून यायची आणि समुद्र तळ्यासारखा पडलेला असायचा, नाहीतर असा खवळलेला की बघूनच माघारी फिरावं. म्हणून कुलदीप उजाडता किनाऱ्यावर उभा राहून लिहायचा. सुरुवात ठरलेली असायची: "नमस्कार, किनाऱ्यावरून कुलदीप." मग लाट केवढी, कमरेएवढी का छातीएवढी. वारा कुठून. भरती कधी. आणि शेवटी, नव्या लोकांनी पाण्यात उतरावं की चहा पिऊन घरी जावं. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण त्या किनाऱ्याच्या एका अंगाला खडक आहेत आणि मागं फिरणारं पाणी माणसाला तिकडंच घेऊन जातं. या पाण्याला मराठीत काय म्हणावं असं त्यानं मला एकदा फोनवर विचारलं होतं. मी म्हटलं, ओढ म्हणा. तेव्हापासून तो ओढ लिहायला लागला आणि मला उगाच आपण समुद्राला काहीतरी दिल्यासारखं वाटलं.

मग आण्णांना लकवा झाला. आण्णा म्हणजे माझे सासरे, ज्ञानोबा. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. सुरजची ड्युटी कधी दिवसाची तर कधी रात्रीची, माझी शाळा, सासूबाईंचे गुडघे धरलेले. रान तर कुणाची वाट बघत थांबत नाही. सुरजनी फोन केला आणि कुलदीप पाठीवर एक पिशवी घेऊन आला. पंधरा दिवसांसाठी म्हणून आला होता. त्याला आता दोन वर्षं झाली.

त्याचा दिवस मी जवळून बघत होते. आण्णांची कूस बदलायची, त्यांना धुवायचं-पुसायचं, हातापायाला व्यायाम द्यायचा, मग म्हशी, मग रान, मग कळंबच्या मोंढ्यात विकायला माल. दिवसा वीज नसेल तर पाणी द्यायला अवेळी उठायचं. जेवताना घास हातात धरून त्याला डुलकी लागायची. मला वाईट वाटायचं, आणि तो आहे म्हणून माझ्यामागचं निम्मं सुटलंय याचं बरंही वाटायचं. दोन्ही एकदम वाटणं हा घराघरांतला रोग आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण एवढ्यातही सकाळी म्हशीखाली बसायच्या आधी तो बाजेवर फोन घेऊन बसायचा. किनाऱ्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या एका बाईला त्यानं येताना सांगून ठेवलं होतं. चारुशीला तिचं नाव. टपरी उघडली की ती समोरच्या पाण्याचा व्हिडिओ काढून पाठवायची आणि फोनवर दोन शब्द सांगायची. हा हवामानाचं ॲप उघडायचा, दोन्हींचा मेळ घालायचा आणि लिहायचा. रोज सकाळी चारुशीलेचा फोन येतो म्हटल्यावर मी त्याला सोडते होय. आता तारीखच काढा म्हणून छळ छळ छळलं. शेवटी वैतागून त्यानं एकदा व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर साठी उलटलेली, मोजक्या दातांची, कमरेला पदर खोचलेली बाई हातात झाडू घेऊन उभी. माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "दिराक जेवक घालतंस मां? लय सुकलो तो." त्या संध्याकाळी मी त्याच्या ताटात एक भाकरी जास्त वाढली.

पंधरा दिवसांत परत जायचंच होतं, म्हणून त्यानं ती पहिली ओळ बदलली नाही. मग महिना गेला, दिवाळी गेली, आणि "किनाऱ्यावरून कुलदीप" तसंच राहिलं. ग्रुपमधलं कुणी किनाऱ्यावर येऊन तो कुठं आहे विचारायचं, तर चारुशीला म्हणायची, "येतलो." येतलो म्हणजे येईल. चहा पिऊन, पोहून, माणसं निघून जायची. दोन वर्षं ती बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला येतलो म्हणत राहिली.

हे कळल्यावर मी त्याला सरळ म्हटलं की भाऊजी, हे खोटं आहे, आणि शाळेत एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. तो म्हशीला कडबा टाकत होता. वर न बघता बोलला.

"वहिनी, कळंबाकडनं लिवलंय म्हणलं तर कोण वाचंल? आन् तेवढीच एक वळ खोटी हाय. लाट खरी हाय, वारा खरा हाय."

 त्याचं लिहिणं बरोबर यायचं हे खरंच होतं. माणसं आभार मानायची, फोटो टाकायची, एकमेकांना "ब्रो" म्हणायची. शेणानं भरलेल्या हाताच्या मागच्या बाजूनं तो ते फोटो सरकवत बघायचा. तेवढ्या वेळापुरता तो आमच्यातला नसायचा आणि त्याचा चेहराही वेगळा दिसायचा. जगात त्याचं स्वतःचं म्हणून तेवढंच उरलं होतं. पावसाळ्यात ग्रुप बंद असायचा, चार महिने कुणी पाण्यात उतरायचं नाही. त्या दिवसांत त्याला झोप बरी मिळायची, पण तो कुणाशी बोलायचा नाही.

सासूबाईंना, म्हणजे सारजाबाईंना, तो फोन डोळ्यांत सलायचा. त्यांना लाटाबिटांतलं काही कळत नव्हतं, पण पोराचं एक पाऊल अजून तिकडं आहे एवढं आईला कळतंच. उद्या आण्णांचं बरंवाईट झालं की हा पिशवी उचलणार, ही भीती त्यांच्या पोटात होती. त्या ती बोलूनही दाखवायच्या, फक्त त्याच्यासमोर नाही. माझ्यासमोर. भाकरी थापता थापता त्या रोज तेच सांगायच्या आणि मी रोज हं हं करायचे.

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी चुन्याच्या रानात येते आणि जमलेली सगळी माणसं त्या रानातले चुनखडीचे खडे वेचून ढिगावर टाकतात. आमच्या भागात या दिवशी कुणाला दुसरं काम सांगू नये. सासूबाईंनी लग्न होऊन आल्यापासून चुना वेचायचा चुकवलेला नाही, आणि गुडघे धरल्यापासून तर त्या जास्तच हट्टानं जातात. यंदा पौर्णिमा शनिवारी आली आणि चुना वेचायचा दिवस रविवारी. सुरज रात्रपाळी करून आले होते, ते आण्णांपाशी थांबणार होते. मी, सासूबाई आणि कुलदीप निघालो.

आदल्या रात्री आण्णांना खोकल्यानं झोप नव्हती, म्हणजे कुलदीपलाही नव्हती. दारात टमटम येऊन उभी, आत गावातल्या बायका बसलेल्या, सासूबाई फाटकातून हाका मारतायत. अजून पुरतं उजाडलं नव्हतं आणि चारुशीलेची टपरी उजाडल्याशिवाय उघडत नाही. येरमाळ्यात त्या दिवशी लाखांनी माणूस असतो, फोन लागत नाही, हे त्याला दरवर्षीचं माहीत. रविवार म्हणजे ग्रुपवाल्यांची गर्दी, माणसं रात्रीच निघालेली असणार, त्यांना काहीतरी सांगायला पाहिजे. त्यानं बाजेवर टेकून ॲप उघडलं, लाटेची उंची बघितली आणि लिहून टाकलं. "नमस्कार, किनाऱ्यावरून कुलदीप. लाट कमरेएवढी, वारा नाही. नव्यांनी यायला हरकत नाही." मग फोन खिशात घालून, आईला दंडाला धरून त्यानं टमटममध्ये चढवलं.

वाटेत सासूबाई मला कानात म्हणाल्या, की औंदा देवीला दुसरं काही मागायचं नाही. आण्णांचंही नाही. कुलदीपचं मन इथं लागू दे, एवढंच मागणार. मी हं म्हटलं. कुलदीप समोर बसला होता, पण टमटमच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसावं. त्याची मान छातीवर पडली होती.

रानात ऊन चढलं होतं. पांढरी धूळ, माणसांचा लोट, "आई राजा उदो उदो" चा गजर सारखा सुरू. सासूबाईंना वाकता येत नव्हतं, म्हणून कुलदीप खडे वेचून त्यांच्या ओंजळीत द्यायचा आणि त्या ते ढिगावर टाकायच्या. केस, भुवया, हात, सगळा पांढरा झाला होता. एकदाही त्यानं फोन बाहेर काढला नाही. काढून उपयोगच नव्हता. पालखी आली तेव्हा त्यानं आईला उचलून धरलं, तिला दिसावं म्हणून. मला वाटलं, बरं झालं, दोन वर्षांत एक दिवस तरी याला सुट्टी मिळाली. मी खरंच तसं मनात म्हटलं, आणि आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

परतताना हायवेला लागून रसाच्या गाड्यापाशी टमटम थांबली आणि कुलदीपच्या खिशातला फोन वाजायला लागला. वाजतच राहिला. चारुशीलेचे न लागलेले कितीतरी फोन, आणि तिनं सकाळी बोलून पाठवलेला निरोप, जो आमच्यापर्यंत आत्ता, दुपार कलल्यावर पोचला होता. त्यानं फोन कानाला लावला, पण बाई इतकी ओरडत होती की शेजारी मलाही ऐकू आलं.

"कुलदीपा, दर्याक उधाण आसा रे. पोरांका सांग, पाण्यात जाव नकात म्हणान."

ऊस पिळायच्या चरकाचा आवाज चालला होता. कुलदीपनं पुढचे निरोप वाचले आणि ग्लास तसाच गाड्यावर ठेवला. पुण्याची एक मुलगी, श्रिया तिचं नाव, कुठल्याशा आठ दिवसांच्या शिबिरात सर्फिंग शिकलेली, शंतनू नावाच्या मित्राबरोबर रात्रभर गाडी चालवून आली होती. कुलदीपचं लिहिलेलं वाचून ती पाण्यात उतरली. चारुशीला टपरीवरून ओरडली, पण त्या लाटांच्या आवाजात कोण ऐकतंय. ओढीनं तिला खडकावर नेऊन आपटलं. जाळं ओढणाऱ्या माणसांनी दोर टाकून तिला काढलं म्हणून जीव वाचला. हात दोन ठिकाणी मोडला होता, पोटात-छातीत पाणी गेलं होतं. ती दवाखान्यात होती आणि शंतनूनं ग्रुपवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा टाकला होता: कुलदीप किनाऱ्यावर होता, तर धावला का नाही?

घरी येईपर्यंत कुलदीप टमटमच्या दांडीला डोकं टेकून बसला होता. सासूबाईंना वाटलं, ऊन लागलं. संध्याकाळी तो गोठ्यात बसून राहिला तेव्हा मी जाऊन विचारलं, असं झालंच कसं. त्यानं मला समजावून सांगितलं, वर्गात मी पोरांना सांगते तसं. लांबून आलेली लाट उंचीला साधीच दिसते, पण एका लाटेपासून दुसऱ्या लाटेपर्यंतचा वेळ जास्त असतो. तो जास्त असला की समजायचं, पाणी लांबून जोर घेऊन आलंय. ॲपवर उंचीच्या शेजारीच तो आकडा असतो. त्यानं उंची बघितली आणि शेजारी बघितलं नाही. त्यात पौर्णिमेचं उधाण. तिकडं असताना पौर्णिमेला आणि दुसऱ्या दिवशी तो नव्या माणसाला पाण्याजवळ फिरकू द्यायचा नाही, स्वतः चहा पाजून परत पाठवायचा. मी विचारलं, मग यंदा पौर्णिमा आहे हे ध्यानात नव्हतं का. तो उठून म्हशीपुढं कडबा टाकायला लागला. मीही जास्त ताणलं नाही.

चारुशीलेचा पुन्हा फोन आला तेव्हा ती रडत होती. तिनं लोकांना सांगून टाकलं होतं, की कुलदीप त्या वेळी मालवणला गेला होता. तू गप राहा, कुणाला काही कळत नाही, असं तिचं म्हणणं. आणि ते खरंच होतं. त्यानं त्या बाईच्या म्हणण्यावर मान डोलवली असती तर आठ दिवसांत सगळं निवळलं असतं, मुलीचा हात जुळला असता आणि रोज सकाळी बाजेवर बसून लिहिणं चालू राहिलं असतं. मी त्याला काहीच सल्ला दिला नाही. एरवी मी न विचारता देते.

दोन दिवसांनी श्रियाचाच फोन आला. मी शाळेतून येऊन स्कूटी लावत होते. कुलदीप उंबऱ्यात बसला होता. त्यानं नाव बघितलं आणि फोन स्पीकरवर टाकून खाली फरशीवर ठेवला, जणू हातात धरवत नव्हता. मुलगी रागावलेली नव्हती. दमलेल्या आवाजात म्हणाली की आता बरी आहे, आईबाबा आलेत, शंतनूचं मनावर घेऊ नका, तो घाबरलाय. मग जरा थांबून म्हणाली, "दादा, पाण्यात शिरताना मी मागं वळून बघितलं होतं. तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, पण म्हटलं, कुठंतरी उभे असालच."

कुलदीपनं फोन माझ्याकडं सरकवला. मीच फोन उचलून तिला काळजी घे वगैरे म्हटलं. मी कोण हेही तिनं विचारलं नाही. फोन ठेवल्यावर कुलदीप तिथंच उंबऱ्यात बसून लिहायला लागला. लिहून झाल्यावर फोन माझ्यापुढं धरला, कारण एरवी त्याचं लिहिलेलं मी मधूनमधून सुधारून द्यायचे.

"नमस्कार. मी कुलदीप. दोन वर्षं झाली, मी किनाऱ्यावर नाही. धाराशिव जिल्ह्यात माझ्या गावी आहे. रविवारची खबर मी समुद्र न बघता लिहिली. श्रियाला लागलं ते माझ्यामुळे. चारुशीला मावशींना कुणी बोलू नये."

मी काहीच सुधारलं नाही. त्यानं पाठवून दिलं.

मग जे व्हायचं ते झालं. कुणी शिव्या दिल्या, कुणी पोलिसांत जाऊ म्हटलं, कुणी न बोलता ग्रुप सोडला. कुणीतरी नकाशावर आमचं गाव शोधून काढलं, गाव आणि समुद्र यांच्यामध्ये रेघ ओढली आणि खाली हसण्याची चित्रं टाकली. शिव्यांपेक्षा मला ती हसणारी चित्रं लागली. हसा म्हणावं. त्यांच्यातल्या एकानं तरी एखाद्या लुळ्या माणसाची कूस बदलून मग म्हशीखाली बसावं आणि मग हसावं. पण हे मी कुणाला लिहिलं नाही, कारण मुलीचा हात मोडला होता हेही तितकंच खरं होतं. श्रिया ग्रुपमध्येच राहिली. कुलदीपनं ग्रुप चारुशीलेच्या नावे केला. तिला लिहिता येत नाही, ती बोलून पाठवेल, असं सगळ्यांना कळवलं आणि तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळेला उठला. बाजेवर बसला, हात मांडीवर ठेवून. थोडा वेळ तसाच बसला आणि मग म्हशीकडं गेला. पुढचे काही दिवस असंच चाललं. सासूबाईंनी बघितलं, आधी त्यांना बरं वाटलं, मग त्या अस्वस्थ झाल्या. पोराला काय झालंय म्हणून त्यांनी मला चुलीपाशी गाठलं. मी सगळं सांगितलं, त्यांना कळेल असं. मुलगी कशी पाण्यात गेली, कोणत्या दिवशी, आपण त्या वेळी कुठं होतो. त्या ऐकत होत्या. तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांनी उलटली नाही, मीच उलटली. मग त्या गुडघ्यावर हात देत उठल्या आणि गोठ्याकडं निघाल्या. मी मागोमाग गेले, कारण अंगणातल्या पायरीवर त्यांना आधार लागतो.

कुलदीप धार काढून उठत होता. सासूबाई त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्या देवीला मागितलं हुतं, पोराचं मन हितं लागू दे. कुणाच्या लेकीचा हात मोड, आसं म्या म्हणलं न्हवतं."

कुलदीपनं दुधाची बादली खाली ठेवली. आईला बाजेवर बसवलं आणि स्वतः तिच्या पायापाशी खाली बसला. त्या रविवारपासून मी त्याला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

"आई, देवीनं काय केलं न्हाय. तिकडं आसताना पुनव आली की पयली नजर समुद्राकडं जायाची. उधाण येणार, माणसं आडवायला पायजेत. औंदा पुनव आली तवा मला फकस्त तुझा चुना येचायचा दिस आठवला. समुद्र ध्यानातच न्हाय आला. म्या हितलाच झालो आता."

दोन वर्षं सासूबाई हेच ऐकायला जीव टाकत होत्या. त्यांनी पोराचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि त्या रडायला लागल्या, आणि काही केल्या थांबेनात.